ॲडमिट होण्याआधी खोलीचा हिशेब: विम्याच्या मर्यादेत बसणारी खोली कशी ठरवावी

घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टर, तारीख आणि रक्ताच्या तपासण्या यांची चौकशी आठवडाभर चालते. खोली मात्र दाखल होण्याच्या दिवशी, काउंटरवर उभ्या उभ्या, पाच मिनिटांत ठरते. चार लाखांचा विमा आहे, तेव्हा एकट्याची वातानुकूलित खोली घ्यायला हरकत नाही, असे मनात असते. पण पॉलिसीत दिवसाच्या खोलीभाड्यालाही बहुधा वेगळी मर्यादा असते. त्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फार तर भाड्यातला फरक खिशातून जाईल, अशी बहुतेकांची समजूत असते, आणि नेमकी तीच चुकीची आहे. खोलीची श्रेणी वाढली की शस्त्रक्रियेपासून डॉक्टरांच्या भेटीपर्यंत बहुतेक बाबींचे दर वाढतात आणि विमा कंपनी त्या वाढलेल्या दरांतूनही त्याच प्रमाणात कपात करते. म्हणून खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने पार पाडावेत. पहिले तीन टप्पे दाखल होण्याआधीच उरकावे लागतात.

टप्पा १: पॉलिसीत आपली मर्यादा नेमकी कोणत्या भाषेत लिहिली आहे ते पाहणे

पॉलिसीचे चाळीस पानी पुस्तक वाचण्याची गरज नाही. विमा कंपनीने पॉलिसीसोबत दिलेल्या ग्राहक माहिती पत्रकात खोलीभाड्याच्या मर्यादेची नोंद असते. ती वाचावी आणि मग पॉलिसीच्या मूळ मजकुरातील त्याच कलमाशी ताडून पाहावी. नोकरीच्या ठिकाणचा गट विमा असेल तर हे पत्रक हातात नसते, म्हणून मनुष्यबळ विभागाकडून लाभांचा तक्ता ईमेलवर मागवून घ्यावा. सहकाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये, कारण एकाच कंपनीत पदानुसार विम्याची रक्कम आणि मर्यादा वेगवेगळ्या असू शकतात.

मर्यादा साधारण तीन प्रकारे लिहिलेली आढळते. पहिल्या प्रकारात ती विमा रकमेच्या टक्क्यांत असते. साध्या खोलीसाठी दिवसाला एक टक्का आणि आयसीयूसाठी दोन टक्के हे प्रमाण जुन्या आणि गट पॉलिसींमध्ये फार प्रचलित आहे. दुसऱ्या प्रकारात टक्केवारीसोबत कमाल आकडाही असतो. आरोग्य संजीवनी या सर्व कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणाऱ्या पॉलिसीत साध्या खोलीसाठी विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला कमाल ५,००० रुपये, आणि आयसीयूसाठी पाच टक्के, पण कमाल १०,००० रुपये अशी मर्यादा आहे. पाच लाखांची आरोग्य संजीवनी असलेला माणूस दोन टक्क्यांचा हिशेब करून दहा हजारांची खोली घेतो आणि पुढचे अर्धे वाक्य वाचायचे राहून जाते. तिसऱ्या प्रकारात रकमेऐवजी खोलीची श्रेणी लिहिलेली असते, उदाहरणार्थ शेअरिंग खोली किंवा एका रुग्णाची वातानुकूलित खोली.

या तिसऱ्या प्रकारात ‘सिंगल’ या शब्दावर अडकायला होते. अनेक पॉलिसींच्या व्याख्येत एका रुग्णाची खोली म्हणजे त्या रुग्णालयातील तशा खोल्यांपैकी सर्वांत स्वस्त खोली, असा अर्थ दिलेला असतो. डिलक्स, सुपर डिलक्स, प्रीमियम या खोल्यांतही रुग्ण एकटाच असतो, पण त्या या व्याख्येत बसत नाहीत.

*सावधान:* टक्केवारी मूळ विमा रकमेवर काढावी. दावा न केल्याबद्दल मिळालेला बोनस किंवा पुनर्भरणाची (विमा रक्कम संपल्यावर पुन्हा भरून मिळणारी) रक्कम धरून मर्यादा वाढली असे गृहीत धरू नये. पॉलिसीत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच ती धरावी.

*तपासा:* त्याच कलमात फक्त ‘खोलीभाडे’ हा शब्द आहे, की ‘खोलीभाडे, भोजन व नर्सिंग’ असे एकत्र लिहिले आहे? पुढच्या टप्प्यात या एका ओळीला फार महत्त्व येणार आहे.

टप्पा २: रुग्णालयाचे श्रेणीनिहाय दरपत्रक मिळवणे

महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ सालच्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयाने आपले दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ते जिन्याजवळच्या काचेच्या पेटीत, बारीक अक्षरांत आणि सूचनांच्या गर्दीत लावलेले आढळते. त्याचा मोबाईलवर फोटो काढून घ्यावा आणि शिवाय बिलिंग किंवा टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्ककडे आपल्या शस्त्रक्रियेचा श्रेणीनिहाय अंदाज मागावा.

मागणी नेमक्या शब्दांत करावी. ‘सिंगल रूमचे किती?’ असे विचारले तर फक्त खोलीभाडे सांगितले जाते. त्याऐवजी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. खोलीभाड्यात नर्सिंगचे आणि आरएमओचे (निवासी डॉक्टरांचे) शुल्क धरलेले आहे का? सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर यांचे शुल्क जनरल, ट्विन शेअरिंग आणि सिंगल या श्रेणींत किती आहे? डॉक्टरांच्या एका भेटीचा दर श्रेणीनुसार बदलतो का? मुक्कामात खोली बदलली तर संपूर्ण बिल कोणत्या श्रेणीने लागते? खोलीचा दिवस २४ तासांचा धरतात, की दुपारच्या ठरावीक वेळेला नवा दिवस सुरू होतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महाग पडू शकते. समजा, मर्यादा ४,००० रुपयांची आहे आणि दरपत्रकात खोली ३,८०० रुपयांना दाखवली आहे, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण नर्सिंगचे ७०० आणि आरएमओचे ३०० रुपये वेगळ्या ओळीत असतील आणि पॉलिसीतील मर्यादा या सर्वांना मिळून असेल, तर विमा कंपनीच्या लेखी ती खोली ४,८०० रुपयांची होते. आपण मर्यादेच्या बाहेर गेलो, हे मग डिस्चार्जच्या दिवशीच कळते.

पॅकेज असेल तरी श्रेणी विचारावीच, कारण एकाच शस्त्रक्रियेचे पॅकेज जनरल, शेअरिंग आणि सिंगल असे तीन दरांत असते. मोतीबिंदूसारख्या त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या शस्त्रक्रियेत मात्र खोलीचा प्रश्न फारसा उरत नाही. तिथे लेन्सची किंमत आणि पॉलिसीतील मोतीबिंदूची वेगळी मर्यादा पाहणे अधिक उपयोगी.

टप्पा ३: प्रमाणशीर कपातीचा हिशेब कागदावर मांडणे

या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की विमा कंपनी एक गुणोत्तर काढते: मंजूर मर्यादा भागिले प्रत्यक्ष खोलीभाडे. हे गुणोत्तर केवळ भाड्याला लागत नाही. खोलीशी निगडित वैद्यकीय खर्चालाही, म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी यांनाही लागते.

पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवसांचा मुक्काम धरू. येथील आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत. विमा चार लाखांचा, मर्यादा एक टक्का म्हणजे दिवसाला ४,००० रुपये, आणि घेतलेली खोली ६,००० रुपयांची आहे. गुणोत्तर दोन तृतीयांश येते.

- खोलीभाडे चार दिवसांचे २४,००० रुपये. मंजूर १६,०००, कपात ८,०००.
- सर्जन व भूलतज्ज्ञ ६०,०००, थिएटर २४,००० आणि डॉक्टरांच्या भेटी १२,०००, एकूण ९६,००० रुपये; मंजूर ६४,०००, कपात ३२,०००.
- औषधे व शस्त्रक्रियेचे साहित्य २२,००० आणि तपासण्या ११,००० रुपये. हे ३३,००० पूर्ण मंजूर.
- खोलीभाड्यावरील पाच टक्के जीएसटी १,२०० रुपये. मर्यादा आधीच ओलांडलेली असल्यामुळे तो स्वतःच्या खिशातून धरावा.
- विम्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तू ३,८०० रुपये, त्याही स्वतःच्या.

एकूण बिल १,५८,००० रुपयांचे झाले. विमा कंपनी १,१३,००० देते आणि ४५,००० रुपये घरच्यांना भरावे लागतात. त्यांपैकी ३,८०० रुपये कोणत्याही खोलीत गेलेच असते. उरलेले ४१,२०० रुपये केवळ खोलीच्या निवडीमुळे गेले. काउंटरवर उभे असताना डोक्यात असलेला आकडा दोन हजार गुणिले चार, म्हणजे आठ हजारांचा होता. शिवाय चार हजारांच्या खोलीत सर्जन आणि थिएटर यांचे दरही बहुधा कमी लागले असते आणि विमा रकमेतील तेवढा भाग वर्षाच्या उरलेल्या महिन्यांसाठी शिल्लक राहिला असता.

वरील जीएसटीचे कारण असे की १८ जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा अधिक भाड्याच्या खोलीवर पाच टक्के कर आकारला जातो. आयसीयू त्यातून वगळलेले आहे. दर ५,००० च्या आसपास घुटमळत असेल तर हा उंबरठा लक्षात ठेवावा.

कपात कुठे लागत नाही, हेही तितकेच पक्के ठाऊक हवे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० साली घातलेल्या नियमांनुसार औषधे व वापरून टाकायचे साहित्य, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे आणि निदानाच्या तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. कारण उघड आहे: स्टेंट जनरल वॉर्डातल्या रुग्णाला बसवा की स्वीटमधल्या, त्याची किंमत तीच असते. आयसीयूच्या शुल्कालाही ही कपात लागत नाही, मात्र आयसीयूची स्वतःची दैनंदिन मर्यादा पॉलिसीत असेल तर ती लागू होते. तसेच ज्या रुग्णालयात खोलीच्या श्रेणीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे फक्त भाड्यातील फरक भरावा लागतो. आपले रुग्णालय तसे असेल तर बिलिंग विभागाकडून लेटरहेडवर तेवढे एक वाक्य लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाला दाव्याच्या फाइलीत जागा नसते.

*तपासा:* हा हिशेब दोन श्रेणींसाठी शेजारी शेजारी मांडावा. मर्यादेत बसणारी खोली न घेण्याचे कारण तेव्हाही टिकत असेल, तर ती महाग खोली डोळे उघडे ठेवून घेतलेली असेल. रुग्ण वृद्ध आहे आणि रात्री सोबत कोणीतरी झोपणे आवश्यक आहे, किंवा संसर्गामुळे डॉक्टरांनीच वेगळी खोली सांगितली आहे, ही कारणे खरी आहेत. दुसऱ्या प्रसंगात डॉक्टरांकडून तसे लेखी घ्यावे. भेटायला येणाऱ्यांसाठी सोफा हवा, हे कारण मला आजवर पटलेले नाही.

टप्पा ४: कॅशलेसच्या अर्जात तीच श्रेणी नोंदवणे

कॅशलेस म्हणजे विमा कंपनीने मंजूर रक्कम परस्पर रुग्णालयाला देणे. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर बहुतेक पॉलिसींत ४८ तास आधी कळवणे अपेक्षित असते आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत. पूर्वमंजुरीचा अर्ज रुग्णालयच भरते. त्यात खोलीची श्रेणी आणि दैनंदिन दर यांचा रकाना असतो. सही करण्यापूर्वी तो रकाना वाचावा. रिकामा असेल तर भरून घ्यावा, कारण तो नंतर आपल्या अपरोक्ष भरला जातो.

नियामकाच्या २०२४ सालच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय कळवायचा असतो. मंजुरीचे पत्र आले की त्यातील रकमेवर समाधान मानू नये. ही सुरुवातीची मंजुरी असते, संपूर्ण बिलाची हमी नव्हे. त्याच पत्रात पात्र खोलीची श्रेणी किंवा दैनंदिन मर्यादा बहुधा लिहिलेली असते. ती पहिल्या टप्प्यात काढलेल्या मर्यादेशी जुळते का, हे पाहावे.

टप्पा ५: दाखल होताना: आधी खोली, मग सही

काउंटरवरचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी डिपॉझिट, मग संमतिपत्रांचा गठ्ठा आणि शेवटी खोली. त्या गठ्ठ्यात एक कागद असा असतो की ‘मी माझ्या इच्छेने वरच्या श्रेणीची खोली घेत आहे आणि फरकाची रक्कम भरण्यास तयार आहे’. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी स्वतः या कागदावर न वाचता सही केली होती. शेअरिंगची खोली त्या सकाळी रिकामी नव्हती, संध्याकाळपर्यंत बदलून देऊ असे काउंटरवरच्या मुलीने अगदी सौजन्याने सांगितले आणि मी मान डोलावली. संध्याकाळी तिची पाळी संपलेली होती. पुढे कपातीविरुद्ध लिहिलेल्या पत्राला उत्तर म्हणून त्याच कागदाची झेरॉक्स माझ्याकडे आली. तेव्हापासून मी नातेवाइकांना सांगतो की दाखल होताना रुग्णाच्या पिशवीसोबत चष्माही आपल्याकडेच ठेवावा.

पात्र श्रेणीची खोली खरोखरच उपलब्ध नसेल तर दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे, खोली उपलब्ध नसल्यामुळे रुग्णाला तात्पुरते वरच्या श्रेणीत ठेवले असून आकारणी पात्र श्रेणीच्या दराने होईल, असे रुग्णालयाकडून तारीख आणि वेळेसह लिहून घ्यावे. अनेक रुग्णालये हे मान्य करतात, पण मागितले तरच. दुसरी म्हणजे, तेच पत्र त्याच दिवशी विमा कंपनीला किंवा टीपीएला ईमेल करावे. केवळ खोली शिल्लक नव्हती, या पत्रावर विमा कंपनी कपात सोडेलच असे नाही; म्हणून दराविषयीचे वाक्य अधिक मोलाचे.

*सावधान:* काही रुग्णालयांत मुक्कामातील सर्वांत वरच्या श्रेणीनुसार संपूर्ण बिल लावण्याची पद्धत आहे. तिथे ‘एकच रात्र राहू, उद्या बदलू’ हा विचार अंगाशी येतो, आणि ती रात्र शस्त्रक्रियेची असेल तर फारच.

टप्पा ६: आयसीयूतून बाहेर येताना

तातडीच्या प्रसंगात रुग्ण थेट आयसीयूत जातो आणि खोलीचा विषय बाजूला पडतो, ते योग्यच आहे. तो पुन्हा उभा राहतो तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, जेव्हा सिस्टर येऊन सांगतात की पेशंटला खोलीत हलवायचे आहे, कोणती देऊ? घरचे तीन रात्री बाकावर झोपलेले असतात, संकट टळल्याचा आनंद असतो आणि तोंडून ‘चांगली द्या’ असे निघून जाते.

या क्षणासाठी उत्तर आधीच ठरवून ठेवावे. रुग्ण आयसीयूत असतानाच घरातील एकाने पहिले तीन टप्पे पूर्ण करावेत आणि पात्र श्रेणीचे नाव व दर कागदावर लिहून सोबत थांबणाऱ्या प्रत्येकाकडे द्यावा. रात्री दोन वाजता हलवायची वेळ आली आणि तिथे फक्त भाचा बसलेला असला, तरी त्याला आकडा माहीत हवा. आयसीयूचे दिवसही मोजत राहावेत, कारण तिथली दैनंदिन मर्यादा वेगळी असते.

टप्पा ७: डिस्चार्जच्या दिवशी बिल वाचणे

डिस्चार्ज मिळणार असे डॉक्टरांनी सकाळच्या राउंडला सांगितले की लगेच अंतरिम बिल मागावे. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: खोलीचे दिवस बरोबर मोजले आहेत का, श्रेणी प्रत्येक दिवसासाठी योग्य आहे का, आणि खोलीभाड्यात समाविष्ट असणाऱ्या बाबी पुन्हा वेगळ्या लावल्या आहेत का. फाइल उघडण्याचे शुल्क, ॲडमिशन किट, हाउसकीपिंग, वातानुकूलनाचे शुल्क, भेटीचा पास, रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा या सर्व गोष्टी नियामकाच्या यादीनुसार खोलीभाड्यातच धरायच्या असतात. विमा कंपनी त्या वेगळ्या देत नाही आणि मग त्या आपल्या खात्यात येतात; बिल अंतिम होण्यापूर्वी बोलले तर काउंटरवरच निघतात.

अंतिम बिल गेल्यावर विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने वाढीव आकारणी केली, तर तो बोजा विमा कंपनीने उचलावा असे २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. म्हणून बिल किती वाजता पाठवले, ही वेळ टीपीए डेस्ककडून विचारून टिपून ठेवावी.

*तपासा:* फाइलमध्ये डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, अंतिम मंजुरीपत्र, भरलेल्या रकमेच्या पावत्या आणि आपण घेतलेली सर्व लेखी पत्रे असल्याशिवाय रुग्णालय सोडू नये.

टप्पा ८: कपात चुकीची वाटली तर

अंतिम मंजुरीपत्रातील कपातीचा तपशील आणि तिसऱ्या टप्प्यातील आपला हिशेब समोरासमोर ठेवावा. औषधे, तपासण्या, इम्प्लांट किंवा आयसीयू यांच्या रकमांना गुणोत्तर लावलेले दिसले, तर विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहावा. ‘अन्याय झाला’ अशा वाक्यांनी काही साधत नाही. बिलातील ओळ, तिची रक्कम, कापलेली रक्कम आणि ती का कापता येत नाही, एवढेच चार रकान्यांत मांडावे. माझ्या अनुभवात असा तक्ता जोडलेल्या पत्राला उत्तर लवकर येते, कारण ते वाचणाऱ्यालाही पुन्हा हिशेब करावा लागत नाही.

समाधान झाले नाही तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद चालतात. मात्र कंपनीचा अंतिम नकार मिळाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो.

आणखी एक वाट अनेकांना ठाऊक नसते. घरात दुसरी आरोग्य पॉलिसी असेल, उदाहरणार्थ एक नोकरीतील गट विमा आणि एक स्वतःची, तर पहिलीने कापलेल्या रकमेचा दावा दुसरीच्या अटींनुसार तिच्याकडे करता येतो. त्यासाठी पहिल्या कंपनीचे मंजुरीपत्र आणि बिलांच्या रुग्णालयाने साक्षांकित केलेल्या प्रती लागतात. त्या प्रती डिस्चार्जच्या दिवशीच घ्याव्यात. महिन्याभराने त्याच कागदांसाठी तीन खेपा होतात. सुपर टॉप-अपकडून, म्हणजे ठरावीक रकमेपलीकडचा खर्च देणाऱ्या जादा पॉलिसीकडून, मात्र हीच अपेक्षा ठेवण्यापूर्वी त्यातील खोलीभाड्याचे कलम वाचावे.

पॉलिसीतील मर्यादाच आपल्या शहरातील दरांना अपुरी पडते असे या हिशेबातून दिसले, तर नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी कंपनीकडे मर्यादा काढून टाकणाऱ्या जोडलाभाची (ॲड-ऑनची) चौकशी करावी, किंवा पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा अर्ज करावा. नूतनीकरणाच्या आठवड्यात हे काम होत नाही.